छायाचित्र : दयेचे आणि साक्षीचे

दलित चळवळीने शब्दाचा विचार पुष्कळ केला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो मुक्यांना वाचा देण्यासाठी. पुढे बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. या सबंध काळात आपण एक प्रश्न सतत लावून धरला : आमच्याविषयी कोण लिहितो, कोठे उभा राहून लिहितो आणि त्याच्या लिहिण्यातून आमच्या वाट्याला काय येते? सहानुभूती आणि स्वानुभव यांतील फरक आपण साहित्याच्या बाबतीत ठामपणे मांडला. परंतु हाच प्रश्न आपण छायाचित्राला फारसा विचारला नाही. आज वस्तीतल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. अत्याचाराची बातमी आता आधी चित्राने येते, शब्दाने नंतर. म्हणून हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठची. अमरावतीला पदवीच्या वर्गात असताना सुधारक ओलवे यांची छायाचित्रे पहिल्यांदा माझ्या पाहण्यात आली. त्यानंतर सामाजिक छायाचित्रणाचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी हे पाहिले पाहिजे, की आमच्या घरांत छायाचित्र कोणत्या वाटेने आले. एक वाट भिंतीवरची. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी नाहीत असे बौद्धाचे घर वऱ्हाडात सापडणे कठीण. त्या तसबिरीने माणसाला मान ताठ ठेवायला शिकवले. कोट, टाय, चष्मा, हातात ग्रंथ असे बाबासाहेब भिंतीवर असणे, ही ज्यांना अंगभर वस्त्र आणि अक्षर दोन्ही नाकारले होते त्यांच्या घरातली मोठीच घटना होती. दुसरी वाट अर्जाची. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वसतिगृह, रोजगार हमीचे कार्ड : प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट आकाराचा फोटो, तोही दोन-तीन प्रतींत. हा फोटो सरकारसाठी असतो. त्यात माणूस हसत नाही, काम करीत नाही, कोणाच्या शेजारी उभा नसतो. आमच्या आई-आजींच्या पिढीतल्या कितीतरी बायांचे आयुष्यातले पहिले छायाचित्र हेच असते. मधली जागा रिकामी राहते. भिंतीवरचा महापुरुष आणि अर्जावरचा लाभार्थी यांच्या मध्ये जो कष्ट करणारा, भांडणारा, प्रेम करणारा माणूस असतो, त्याचे चित्र आमच्याजवळ फारसे नाही.

अर्जावरच्या या फोटोला जुने पूर्वज आहेत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपली प्रजा नीट ओळखून ठेवण्याची निकड भासली. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकाखाली जात किंवा जमात लिहून तिच्या स्वभावाविषयी शेरा मारला आहे : अमुक लोक प्रामाणिक, तमुक लोक गुन्हेगार. वऱ्हाडचा कारभार १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. त्या प्रांतातील जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले, त्यांतही छायाचित्रे आहेत. अभ्यासक आजही हे ग्रंथ चाळतात, आणि त्यांत माहिती नाही असे कोणी म्हणणार नाही. पण कॅमेऱ्यासमोर उभा केलेला माणूस तेथे जातीचा नमुना म्हणून उभा आहे. मनुस्मृतीने जे शब्दांनी केले ते येथे काचेच्या भिंगाने केले. माणसाला एका खणात बसवले आणि खणाला नाव दिले.

सामाजिक छायाचित्रण म्हणून जी परंपरा ओळखली जाते ती या नोंदणीच्या नजरेपासून वेगळी निघाली. तिचा आरंभ सांगताना जेकब रीस याचे नाव घेतले जाते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांवरचे त्याचे पुस्तक १८९० साली आले. रात्रीच्या वेळी अंधाऱ्या खोल्यांत शिरून, डोळे दिपवणारी दारू पेटवून तो छायाचित्रे घेई. श्रीमंतांच्या डोळ्यांसमोर त्याने गरिबी आणून ठेवली आणि घरबांधणीच्या सुधारणांना त्यामुळे जोर आला, हे खरे. पण ज्यांच्या खोलीत तो शिरला त्यांना त्याने विचारले होते काय? झोपेतून दचकून उठलेली ती माणसे चित्रात भेदरलेली दिसतात. त्या भीतीचे कारण गरिबी किती आणि छायाचित्रकार किती, हे आपण विचारले पाहिजे.

शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे नाव लुईस हाईन याचे आहे, कारण तो स्वतः शाळाशिक्षक होता. १९०८ पासून त्याने अमेरिकेतील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी काम केले. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने येथे राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे त्याने घेतली. मालक आत सोडत नसत, तेव्हा तो कधी विमा एजंट, कधी यंत्रांचे फोटो काढणारा अशी बतावणी करी. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी. मुलाचे नाव, वय, कामाचे तास, मजुरी हे सारे तो टिपून ठेवी. त्याचे छायाचित्र एकटे जात नसे, त्याच्याबरोबर ही नोंद जाई. १९१६ साली तेथे बालमजुरीविरुद्ध पहिला संघराज्यीय कायदा झाला, १९१८ साली न्यायालयाने तो रद्द केला आणि १९३८ साली पुन्हा कायद्याने बंधने आली. तीस वर्षांच्या या लढ्यात हाईनची चित्रे पुराव्यासारखी वापरली गेली, ती त्या नोंदींमुळे. दया वाटली म्हणून कायदा बदलतो असे नाही. नाकारता न येणारी माहिती समोर येते तेव्हा तो बदलायला भाग पडतो.

याच्या उलट उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे डोरोथिया लँग हिने वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र घेतले. खांद्यावर तोंड लपवलेली दोन मुले, मांडीवर तान्हे, आणि दूर कोठे तरी पाहणारी ती. महामंदीचे प्रतीक म्हणून हे चित्र जगभर गेले. लँगने तिचे नाव विचारले नाही. १९७८ साली ती बाई स्वतः पुढे आली तेव्हा जगाला कळले, की तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आणि ती मूळची चेरोकी, म्हणजे तेथील आदिवासी. या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, अशी तिची तक्रार होती. बेचाळीस वर्षे ती 'स्थलांतरित आई' होती. दुःखाचे प्रतीक झाल्यावर माणसाचे नाव कसे नाहीसे होते, हे आपल्याला नवे नाही. गावकुसाबाहेरच्या माणसालाही त्याच्या नावाऐवजी त्याच्या जातीनेच हाक मारली जात असे.

एका विद्यार्थ्याने प्रेरणा घ्यावी असा माणूस मला याच काळात भेटला, तो गॉर्डन पार्क्स. १९१२ साली कॅन्सासमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण आगगाडीत वेटर होता. प्रवाशाने टाकून दिलेल्या एका मासिकात त्याने स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे पाहिली आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. १९४२ साली शिष्यवृत्ती घेऊन तो वॉशिंग्टनला सरकारच्या त्याच छायाचित्र विभागात आला. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर याने त्याला पहिल्या दिवशी सांगितले, की कॅमेरा येथेच ठेव आणि शहरात फिरून ये. दुकानात कोट घे, उपाहारगृहात जेव, सिनेमा पाहा. पार्क्सला प्रत्येक ठिकाणाहून रंगामुळे हाकलले गेले. संतापून तो परत आला. तेव्हा स्ट्रायकरने त्याला त्याच इमारतीत रात्री फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन या बाईशी बोलायला सुचवले. तिच्या वडिलांचा जमावाने बळी घेतलेला, नवरा गोळीला बळी पडलेला, आणि वर्षाला १,०८० डॉलर पगारावर ती नातवंडे सांभाळत होती. पार्क्सने तिला अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर उभे केले. एका हाताशी झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा दांडा. ती सरळ कॅमेऱ्याकडे पाहते. त्यानंतर पार्क्स तिच्या घरी गेला, तिच्या देवळात गेला, अनेक आठवडे तिच्याबरोबर राहून त्याने चित्रे घेतली.

या चित्रात दया कोठेही नाही. एक स्त्री, तिची हत्यारे आणि ज्या राष्ट्रासाठी ती राबते त्याचा ध्वज एवढेच आहे, आणि आरोप पूर्ण झाला आहे. पार्क्सच्या अंगावर वर्णद्वेषाचे घाव होतेच. पण केवळ तेवढ्यावर हे चित्र झाले नाही. आधी कॅमेरा ठेवून फिरणे, मग ऐकणे, मग परत परत जाणे, ही शिस्त त्यामागे आहे. स्वानुभव ही आपली पुंजी आहे, परंतु पुंजी कामाला लावण्याचे कसबही शिकावे लागते. दलित साहित्यातील चांगल्या लेखकांनी हेच केले.

भारतात या परंपरेचा मोठा आरंभ सुनील जाना यांनी केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांच्याबरोबर ते फिरले आणि 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातून त्यांची चित्रे देशभर गेली. भूक या चित्रांनी दाखवली. जात दाखवायची राहिली. उपाशी माणसाचे चित्र घेता येते, पण तो उपाशी का, त्याला पाणवठ्यावर कोण येऊ देत नाही, हे चित्रात आणणे अवघड असते. जात ही वस्तूत नसते, दोन माणसांमधल्या अंतरात असते. ते अंतर कॅमेऱ्यात कसे पकडायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर मला सुधारक ओलवे यांच्या कामात मिळाले. ते मूळचे अकोल्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. मुंबईत त्यांनी वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून दीर्घकाळ काम केले. कामाठीपुऱ्यातील स्त्रिया त्यांच्या चित्रांचा एक विषय झाल्या आणि मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार हा दुसरा. सफाई कामगारांवरची ही काळी-पांढरी चित्रमाला अनेक वर्षांच्या सहवासातून झाली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की ही चित्रे पाहताना नाक मुरडून पुढे जाता येत नाही. घाणीत उतरलेला माणूस दिसतो, तसाच तो घरी बायको-मुलांत दिसतो. त्यामुळे घाण ही त्या माणसाची ओळख ठरत नाही, ती शहराची ओळख ठरते. इतक्या मोठ्या शहराची घाण उपसायला ठरावीक जातींचीच माणसे का, हा प्रश्न पाहणाराच स्वतःला विचारू लागतो. दोन माणसांमधले अंतर येथे चित्रातला कामगार आणि चित्र पाहणारा नागरिक यांच्या मध्ये उभे राहते.

वऱ्हाडातल्या माणसाला झाडूचे चित्र काही नवीन नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडत फिरले, आणि त्यांच्या खराट्याचे चित्र शाळाशाळांत लागले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यानंतर झाडू हाती घेतलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रेही आपण पाहिली. गाडगेबाबांनी खराटा आपण होऊन हाती घेतला आणि आयुष्यभर खाली ठेवला नाही. पुढाऱ्यांनी तो छायाचित्रापुरता घेतला. सफाई कामगाराच्या हाती मात्र तो जन्माने दिला गेला, आणि त्याच्या चित्राला हार पडत नाही. तीन चित्रांत झाडू एकच आहे. झाडू हाती कसा आला हे चित्राबरोबर सांगितल्याशिवाय तिन्ही सारखीच दिसतील. छायाचित्राला शब्दांची जोड लागते ती यासाठी.

आता नांदगाव पेठकडे येऊ. आमचे गाव राष्ट्रीय महामार्गावर आहे. टोलनाका आहे, औद्योगिक वसाहत आहे, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरून दिसतात, आणि बाजूला कापूस, सोयाबीन, तूर यांची शेते आहेत. दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत सीतादहीची आणि 'पांढऱ्या सोन्या'ची चित्रे येतात. फुललेले शेत, कपाळी कुंकू, कापसाने भरलेली ओटी. ती चित्रे खोटी नाहीत. पण शेत कोणाचे आणि वेचणारे हात कोणाचे, हे त्यांतून कळत नाही. वेचणी किलोवर असते. बोंडाच्या टोकांनी बोटे सोलतात. संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते तेव्हा सगळ्या बायांची नजर काट्याच्या आकड्यावर असते. माझ्या मते वऱ्हाडच्या कापसाचे खरे चित्र तेथे आहे : काटा धरणारा हात, आणि त्याकडे पाहणारे डोळे.

एका वेचणीच्या दिवशी मी मोबाईल काढला तेव्हा वस्तीतली एक मावशी म्हणाली, "पोरी, माहा फोटो काढून तुले काय भेटन, अन् मले काय भेटन?" सामाजिक छायाचित्रणावर मी जे काही वाचले त्यातला सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. फ्लॉरेन्स थॉम्पसनची तक्रारही हीच होती. त्याला उत्तर देण्याचा प्रामाणिक मार्ग मला एवढाच दिसतो : आधी सांगणे, विचारणे, ती नाही म्हणाली तर थांबणे, नाव तिच्या इच्छेने लिहिणे किंवा न लिहिणे, आणि छापील प्रत तिच्या हाती नेऊन देणे. त्या मावशीला मी प्रत दिली. तिने ती अर्जाच्या फोटोंच्या पिशवीत न ठेवता भिंतीवर लावली.

हा प्रश्न सर्वांत कठीण होतो तो अत्याचाराच्या वेळी. १९५५ साली मिसिसिपीमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी अमानुष खून केला. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय घेतला, आणि 'जेट' या साप्ताहिकाने त्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले. अमेरिकेतील नागरी हक्काच्या लढ्याला त्यातून मोठी धग मिळाली. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. वर्तमानपत्रांचे मौन त्यांनी मोडले आणि अमरावतीसह विदर्भभर लोक रस्त्यावर आले, हे नाकारता येणार नाही. तरीही विचारले पाहिजे : मेमी टिलने स्वतः निर्णय घेतला, आमच्या बायांच्या विटंबित देहांविषयी कोणी घेतला? आज अशी चित्रे मोबाईलवर ज्यांच्यापर्यंत जातात त्यांत चवीने पाहणारेही असतात, आणि अत्याचार करणारे स्वतःच चित्रीकरण करून दहशत पसरवतात. अशा वेळी चित्र पुढे ढकलणारा आपला कार्यकर्ता नकळत त्यांचेच काम करून बसतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मग चित्र घेऊच नये काय? घेतले पाहिजे, पण साक्ष म्हणून. जागा, वेळ, जाळलेले घर, तोडलेली नळजोडणी, अडवलेली वाट, अंगावरचे घाव हे सारे नोंदले पाहिजे, आणि ते आधी पीडित कुटुंबाकडे, वकिलाकडे, तपास अधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. मूळ चित्र पुसू नका, त्यावर काही लिहू वा कापू नका, मोबाईल बदलला तरी जुना जपून ठेवा, आणि कोणी, कधी, कोठे घेतले ते त्याच दिवशी वहीत लिहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ हेही सांगते, की या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. तो पीडिताचा हक्क आहे, आणि तो मागितला पाहिजे.

छायाचित्राने न्यायालयात काय साधते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हाताने मैला वाहण्याला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, पण राज्य सरकारे आमच्याकडे कोरडे संडास नाहीत असे सांगत राहिली. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून छायाचित्रे आणि माणसांच्या नोंदी जमवल्या आणि नाकारणाऱ्यांसमोर ठेवल्या. २०१३ साली नवा कायदा आला, आणि २७ मार्च २०१४ च्या निकालाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई ठरली. २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर गेली. गटारातले मृत्यू अजून थांबलेले नाहीत. पण 'आमच्याकडे असे काही नाही' हे वाक्य त्या चित्रांसमोर टिकले नाही.

शिक्षकांना म्हणून माझे सांगणे आहे, की मुलांच्या हाती मोबाईल आहेच, तर त्यांना हाईनची वही शिकवा. वर्गाला एखादा विषय द्या : गावातला पाणवठा, वेचणीचा काटा, सफाई कामगाराची सकाळ. पहिल्या भेटीत कॅमेरा काढू नका. दुसऱ्या भेटीत विचारा. तिसऱ्या भेटीत चित्र घ्या आणि त्याखाली नाव, काम, मजुरी लिहा. चौथ्या भेटीत प्रत देऊन या. अशी शंभर चित्रे एका तालुक्यात जमली, तर रसेल आणि हिरालाल यांच्या खंडांना आमच्याकडून पहिले उत्तर तयार होईल. त्यात जातीचा नमुना नसेल. नावे असलेली माणसे असतील, आणि ती आपल्याकडे सरळ पाहत असतील.